ब्रिजवर पाहिलेलं बारसं

बुऱ्हाणपुरात मी काय काम करतो हे आजवर कोणाला धड समजलेलं नाही, आणि मीही समजावायच्या भानगडीत पडत नाही. गल्लीतले लोक मला जहाजवाले साहेब म्हणतात. एखादा जास्त शहाणा असला तर विचारतो, "साहेब, तापीत तर गुडघाभर पाणी, तुमचं जहाज चालतं कुठं?" मी म्हणतो, "तुझ्या डोक्यात." मग तो गप्प बसतो. समोरच्याला गप्प बसवायची खोड मला लहानपणापासून आहे आणि नोकरीत तिचा मला फायदाच झाला.

काम साधं आहे. बावीस वर्षं मी मालवाहू जहाजांवर काढली. मग गुडघे गेले, म्हणून कंपनीनं किनाऱ्यावर घेतलं. आता कंपनीचं जहाज कुठल्या बंदराला लागलं की मी चढतो आणि जहाजाला रस्ता दाखवणारी यंत्रं ठीक आहेत का, बाहेरून कोणी त्यात काही घुसवू शकेल का, हे तपासतो. हल्ली जहाजांवर कागदाचे नकाशे नसतात. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या काचेच्या खोलीत, दोन मोठे स्क्रीन असतात, एक चालू आणि एक राखीव. त्यावर समुद्राचा नकाशा, आणि नकाशावर आपलं जहाज मुंगीएवढं सरकत असतं. पण ते शेवटी कम्प्युटरच. घरच्या कम्प्युटरला जो व्हायरस लागतो तो त्यांनाही लागतो. घरचा बंद पडला तर पोरांचा गेम बंद पडतो, हा बंद पडला तर जहाज गाळात चढतं. म्हणून आमच्याकडचा पहिला नियम असा, की बाहेरचा पेनड्राइव्ह जहाजावरच्या कुठल्याही कम्प्युटरला लावायचा नाही. आधी तपासणीच्या वेगळ्या कम्प्युटरवर तो साफ करून घ्यायचा, कॅप्टनची सही घ्यायची, मगच पुढं. हा नियम मी किती जणांना ओरडून शिकवला असेल याचा हिशेब नाही. एका चांगल्या चाळिशीच्या ऑफिसरला मी त्याच्या खलाशांसमोर रडवलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या बहादरपुरच्या माझ्या एका शाळासोबत्याचा मुलगा आमच्याच कंपनीत सेकंड ऑफिसर होता. केळीवाल्यांचं घर. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा बाप त्याला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, याचं काय करायचं ते तूच कर. मी फॉर्म भरले, मुलाखतीत काय बोलायचं ते घोकून घेतलं, मुंबईला सोडायला गेलो. पोरगं हुशार होतं, त्याहून जास्त म्हणजे नेकीचं होतं. दहा वर्षांत सेकंड ऑफिसर झाला. लग्न झालं. मला तो काका म्हणायचा, आणि मी सांगितलं की ऐकायचं, एवढंच त्याला माहीत होतं. ती त्याच्या घरची रीतच होती. मोठ्या माणसानं म्हटलं की विषय संपला.

जहाजावर नकाशांचं सगळं काम सेकंड ऑफिसरकडे असतं. समुद्रात रोज काही ना काही बदलतं, कुठं गाळ साचतो, कुठला दिवा हलवतात, कुठं नवीन बुडालेलं जहाज. त्या दुरुस्त्या दर आठवड्याला ईमेलनं येतात. त्यानं त्या ब्रिजच्या मागच्या टेबलावरच्या कम्प्युटरवर उतरवायच्या, एका राखून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि तो पेनड्राइव्ह आधी एका स्क्रीनला, मग दुसऱ्या स्क्रीनला लावायचा. त्यानं त्या पेनड्राइव्हला लाल चिकटपट्टी गुंडाळली होती आणि गळ्यात किल्ली घालावी तसा तो गळ्यात घालून फिरायचा. मी तपासणीला गेलो की इतरांना त्याचं उदाहरण द्यायचो.

तो समुद्रावर असताना त्याला मुलगी झाली. बारसं बहादरपुरला झालं. तो नव्हता, आणि मीही नव्हतो, कोचीला एका जहाजावर अडकलो होतो. महिन्याभरानं मी गुजरातच्या एका बंदराकडे निघालो. त्याचंच जहाज तिथं लागलं होतं आणि वर्षाची तपासणी माझ्याकडे होती. आदल्या दिवशी सकाळी त्याची बायको आमच्या घरी आली. हातात दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा आणि एक पेनड्राइव्ह.

"काका, ह्यांच्याच जहाजावर चाललात म्हणे. एवढं द्याल का? बारशाची पूर्ण शूटिंग आहे. मोबाइलवर जात नाही, लई मोठी आहे. तिकडं नेटला फोटोसुद्धा खुलत नाही म्हणतात."

मी तिला नियम सांगायला हवा होता. नाही सांगितला. डबा माझ्या बायकोनं पिशवीत ठेवला, पेनड्राइव्ह मी शर्टाच्या खिशात टाकला, चष्म्याच्या मागं. पेनड्राइव्ह कुठं भरून आणला असेल हे मला न विचारताच माहीत होतं. आमच्या इथल्या फोटो स्टुडिओंत एकच खटारा कम्प्युटर असतो, त्यात अख्ख्या गावाची लग्नं आणि जगभरचे व्हायरस नांदत असतात.

भुसावळला गाडी बदलून मी पोहोचलो. जहाजावर चढताना शिडीपाशी वहीत वेळ लिहावी लागते आणि एक फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म मीच तयार केलेला आहे. त्यात एक ओळ आहे, की माझ्याजवळ बाहेरचा पेनड्राइव्ह किंवा तसलं काही नाही. मी खाली सही ठोकली आणि चढलो. खिशात पेनड्राइव्ह आहे हे विसरलो होतो असं म्हणायची सोय आहे, पण मी विसरलो नव्हतो. तो फॉर्म दुसऱ्यांसाठी आहे अशी माझी मनोमन पक्की समजूत होती.

तपासणी साडेअकरापर्यंत आटोपली. माल चढत होता, सगळे खाली डेकवर होते, ब्रिजवर आम्ही दोघंच. मी डबा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्याच दराबा तोंडात टाकला आणि थोडा माझ्या हातावर ठेवला, तो मीही खाल्ला. मग मी पेनड्राइव्ह दिला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि खिशात ठेवला.

"बघत नाहीस?"

"घरी गेलो की बघीन काका. माझा लॅपटॉप पाण्यानं गेला, पहिल्या पावसातच."

"घरी कधी जाणार?"

"तीन महिने आहेत अजून."

मी मागच्या टेबलाकडे बोट केलं. "लाव की तिथं."

"नाही काका, तिथं नाही लावायचं." त्यानं सरळ सांगितलं. आवाज खाली, पण सरळ.

खरं तर इथं मला त्याची पाठ थोपटायला हवी होती. वर्षानुवर्षं मी जे शिकवत होतो ते एकानं माझ्याच तोंडावर पाळून दाखवलं होतं. पण मला राग आला. बापाच्या मागं लपून माझ्या ओसरीवर उभं राहिलेलं पोर मला नाही म्हणतंय, एवढंच मला ऐकू आलं.

"मला शिकवतोस का? हा नियम कोणी लिहिला?"

"तुम्हीच."

"मग?"

"नाही काका, राहू द्या. नाहीतर कॅप्टनसाहेबांकडे जाऊन साफ करून आणतो आधी."

"म्हणजे कॅप्टनला कळू दे की मी खिशातून आणला. शाबास. अरे, आपल्या लेकीचं तोंड बघायला परवानगी लागते का तुला? मी पण बारशाला नव्हतो. बाळाचं तोंड बघितलं नाही आणि दराबा खाऊन बसलोय. बरं दिसतं का ते? मी बसलोय ना इथं. लाव."

आमच्याकडे बाळाचं तोंड बघायचं राहिलं तर माणूस महिन्यांनंतरही आठवणीनं जातो, हातावर काहीतरी ठेवतो, मगच त्या घरचं गोड खातो. ते त्यालाही माहीत होतं. तो हसला आणि पेनड्राइव्ह लावला.

आधी स्टुडिओचं नाव आलं, आजूबाजूला उडणारी बदामं. मग लाल झालर लावलेला पाळणा. बाया पाळण्याच्या वरून खालून बाळ एकमेकींच्या हातात देत होत्या. आत्यानं कानात नाव सांगितलं आणि सगळ्यांनी मिळून तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, तेव्हा आम्ही दोघं मोठ्यानं हसलो. त्याचा बाप मागं खुर्चीवर झोपला होता. एकदाच, सगळ्या बाया बाळाकडे बघत असताना, त्याची बायको सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तो स्क्रीनच्या इतका जवळ सरकला की मला काही दिसेना. "नाक आमच्याकडचं आहे," तो म्हणाला. वीसेक मिनिटांनी मीच म्हणालो, चल, पुरे आता. त्यानं पेनड्राइव्ह काढून जपून खिशात ठेवला. मी दुपारी उतरलो आणि अहवालात लिहिलं, नौकानयन यंत्रांची सुरक्षा पूर्ण समाधानकारक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवड्याच्या दुरुस्त्या आल्या. त्यानं नेहमीसारख्या त्या मागच्या कम्प्युटरवर उतरवल्या, गळ्यातल्या लाल पेनड्राइव्हवर घेतल्या, आधी एका स्क्रीनला लावल्या, मग दुसऱ्या. स्टुडिओतून जे आलं होतं ते पण त्याच रस्त्यानं दोन्हींत गेलं. दुपारी जहाज निघालं. बारा ते चारचा पहारा सेकंड ऑफिसरचा असतो. बंदराचा वाटाड्या उतरून गेला आणि थोड्या वेळानं चालू स्क्रीन थिजला. काळा झाला असता तर बरं झालं असतं, लगेच कळलं असतं. तो थिजला. नकाशा तसाच, जहाजाची खूण तशीच, मोकळ्या पाण्यात एका जागी. खरं जहाज मात्र पुढं चाललं होतं.

त्याच्या लक्षात आलं तोवर काही मिनिटं गेली होती. तो राखीव स्क्रीनकडे धावला, तोही थिजलेला. रडार होतं, आपण कुठं आहोत त्याचा आकडाही येत होता, पण तो आकडा मांडायला कागदाचा नकाशा जहाजावर नव्हता. खंभातच्या आखातात ओहोटीची ओढ भयंकर असते. जहाज बाजूला सरकलं आणि गाळाच्या दांड्यावर चढलं. आमची तापी त्याच आखातात जाऊन मिळते, तो गाळ अर्धा आमच्याकडचाच असणार. माणूस कोणी गेला नाही. पुढच्या भरतीला जहाज सुटलं, पण सुकाणू वाकलं होतं आणि बातमी सगळीकडे झाली होती.

कंपनीनं चौकशीला मला पाठवलं. दुसरं कोणाला पाठवणार, या विषयातला माणूस मीच. मागच्या कम्प्युटरवर मला शोधावं लागलंच नाही. कुठला पेनड्राइव्ह कधी लावला हे तो कम्प्युटर लिहून ठेवतो. तारीख होती, वेळ होती, अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटं, आणि खाली फाइलचं नाव, बारसे फायनल. शिडीपाशीच्या वहीत त्या वेळेला मी जहाजावर होतो असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

त्याला मी जबाबाच्या आधी जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. तो दोन दिवसांत वाळला होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, ते मला अजून दिसतं.

"काका, आता काय होईल? लायसन जाईल का?"

त्याला एवढीच चिंता होती. ते लायसन गेलं की जहाजाच्या ब्रिजवर उभं राहता येत नाही, कुठल्याच कंपनीत, कुठल्याच देशात. बाकी त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"हे बघ," मी म्हणालो, "माझं नाव यात आलं तर मी पहिला बाहेर फेकला जाईन. मग तुला वाचवायला आत कोण उरलं? मी आत आहे तोवर तुझ्या केसाला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह कुठून आला विचारलं तर सांग, घरून पार्सल आलं. बस. पुढचं मी बघतो."

त्यानं मान हलवली. विचारलंसुद्धा नाही की बघणार म्हणजे काय करणार.

जबाब कॅप्टनच्या खोलीत झाला. प्रश्न मी विचारत होतो, कॅप्टन ऐकत होता. कॅप्टन भला माणूस होता, त्यानंच मध्ये विचारलं, "घरून आला ठीक, पण तू तो ब्रिजवर लावलास कसा? तू तर असं करणारा नाहीस. कोणी सांगितलं का तुला?" खोलीत पंखा फिरत होता. तो पोरगा माझ्याकडे बघत होता. मी कागदावर काहीतरी लिहितोय असं दाखवलं. तो म्हणाला, "नाही सर. माझंच चुकलं." मी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, नीट लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली.

मग मी दोन्ही स्क्रीन आणि तो कम्प्युटर पूर्ण पुसून नव्यानं भरायचा हुकूम दिला. नियमातही तसंच आहे. अकरा त्रेचाळीसची ती नोंद फक्त मी आधी काढून घेतलेल्या प्रतीत राहिली. अहवालात मी वेळ घातली नाही, फक्त लिहिलं, जहाज बंदरात असताना. आणि पुढं लिहिलं की सदर अधिकाऱ्याला नियमाची पूर्ण माहिती होती, तरी त्यानं स्वतःच्या करमणुकीसाठी तो मोडला. करमणूक हा शब्द मी विचार करून घातला. तो शब्द वाचल्यावर कोणी दया करत नाही.

पुढचं मी बघतो म्हणालो होतो, बघितलं काहीच नाही. कंपनीनं त्याला काढलं आणि माझा अहवाल लायसन देणाऱ्या कचेरीत गेला. तिनं लायसन रद्द केलं. अपील करायला दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत मुदत होती.

तो बहादरपुरला आला. त्याची बायको एकटीच माझ्याकडे आली, मुलीला सासूपाशी ठेवून. बसली नाही. दारातच उभी राहिली.

"काका, ते म्हणतात पेनड्राइव्हमुळं झालं. बारशाच्या. खरं का?"

"खरं."

"तुम्ही तर होतात ना त्या दिवशी तिथं? तुम्ही अडवलं नाही?"

"मी खाली होतो, माल चढत होता तिथं," मी म्हणालो. "मी त्याला दिला आणि खाली गेलो. लावू नको म्हणून बजावलं पण होतं."

"मतलब मी तो पाठवलाच नसता तर..."

इथं एक शब्द पुरला असता. नाही, तुझा काही दोष नाही, एवढंही नको, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी म्हणालो, "कुठल्या खटाऱ्यातून भरून आणलास ते तरी बघायचं होतंस. पण आता कोणाकोणाला दोष द्यायचा." ती हो म्हणाली. जाता जाता म्हणाली, घरी ते कोणाशी बोलत नाहीत, तुमच्याबद्दल मात्र चांगलंच बोलतात. नंतर माझ्या बायकोनं मला सांगितलं की तिनं बारशाचे सगळे फोटो मोबाइलमधून काढून टाकले.

नवरात्रात तो स्वतः आला. मला वाटलं भांडेल. मी तयारीत होतो, काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाण्याचा ग्लास हातात धरला, प्याला नाही.

"काका, अपिलाचे कागद भरलेत. वकील म्हणतो, तुमच्याकडून एक ओळ लागेल. चौकशी तुम्ही केली ना, म्हणून तुमचीच चालते. बाकी काही बदलू नका. तुमचं नाव कुठंच येऊ देऊ नका. फक्त एवढं लिहा की मी आधी नाही म्हणालो होतो."

"एवढंच?"

"एवढंच. वकील म्हणतो, जाणूनबुजून केलं आणि आधी नाही म्हटलं होतं, यात फरक पडतो. लायसन लगेच परत नाही मिळालं तरी बंदी दोन वर्षांवर येईल. दोन वर्षं मी केळी भरीन."

मला त्याच्या सरळपणाची चीड आली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"अरे येड्या, नाही म्हणालास, पण कोणाला म्हणालास? माणूस एकटा असताना नाही कोणाला म्हणतो? पहिला प्रश्न तोच येईल."

खरंच त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"मग... मग तुम्हाला म्हणालो असं..."

"जबाबात तू काय सांगितलंस? घरून पार्सल आलं, माझंच चुकलं, कोणी सांगितलं नाही. खाली सही तुझी. आता उलटं बोललास तर खोटारडा ठरशील. कायमचा. आत्ता निदान चुकलेला माणूस आहेस."

"ते तुम्हीच सांगायला सांगितलं होतं काका."

"हो," मी म्हणालो. "बघतो."

आमच्याकडे बघतो म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तो म्हणाला, ठीक आहे, मी वाट बघतो. त्यानंतर त्यानं फोन केले, मी उचलले नाहीत. एकदा घरी आला तेव्हा मी खरोखरच बाहेरगावी होतो. मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, तो परत आला. मी आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो. बायकोला मी खुणेनं सांगितलं, नाही म्हण. ती दारात जाऊन नाही म्हणाली. माझ्या चपला बाहेर पायरीवर होत्या.

"बरं काकू," तो म्हणाला. "काकांना सांगा, उद्या चार वाजेपर्यंत कचेरी उघडी असते. ईमेलनं पाठवलं तरी चालतं. एकच ओळ आहे."

ती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. "अहो, एक ओळच तर मागतोय बिचारा. द्या ना लिहून."

"तुला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिलाही मी कधीचं गप्प बसवून ठेवलेलं आहे.

शुक्रवारी मी कम्प्युटर उघडलाच नाही असं नाही. उघडला होता. ती ओळ लिहिलीसुद्धा, दोन वेळा. मग माझी नोकरी, माझा मान, गल्लीतलं साहेब म्हणणं, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि मी ती पुसली. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले. मी घड्याळाकडे बघत बसलो होतो. चार वाजून गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की बायकोला चहा टाकायला सांगितलं.

तो आता बहादरपुर रोडला केळीच्या गाड्या भरतो. पानं अंथरतो, घड रचतो, दोर बांधतो. त्या ओळीवाचून अपील फेटाळलं गेलं, दोन वर्षांनंतर परत जायचं वगैरे काही नाही. मी दिसलो की काम थांबवतो, हात पुसतो आणि विचारतो, काका, जेवलात का? एवढ्या दिवसांत त्यानं बायकोला खरं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती माझ्या दारात आल्याशिवाय राहिली नसती. त्याच्या बापाला वाटतं मी पोरासाठी पुष्कळ खटपट केली, पण नशिबात नव्हतं. परवाच त्यानं माझ्या घरी केळीचा घड पाठवला.

मुदत गेली की परत अर्ज करायची सोय त्या कायद्यात नाही. मी ओळखीच्या वकिलाकडून दोनदा खात्री करून घेतली. माझी नोकरीही मार्चमध्ये संपली, निरोप झाला, शाल मिळाली. आता माझं कोणी काही बिघडवू शकत नाही, आणि त्याचं कोणी काही नीट करू शकत नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. नावं मुद्दाम घातलेली नाहीत. त्याला हवी होती ती ओळ अशी: पेनड्राइव्ह लावण्याआधी तो मला नाही म्हणाला होता, दोन वेळा, स्पष्ट, आणि तरीही मी त्याला लावायला लावला. लिहायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.